दुसऱ्याच्या कादंबरीतली माझी दोन पानं

मराठी कादंबऱ्या हिंदीत आणणं हे मी जवळजवळ तीस वर्षं केलं. त्याला काम म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरात एकमत कधी झालं नाही. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आम्हाला राजधानीत, लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टर मिळालं होतं, आणि तिथल्या जेवणाच्या टेबलावर दुपारी दोन ते पाच माझं ऑफिस भरायचं. पाच वाजले की कागद उचलायचे, टेबल पुसायचं, चहा टाकायचा. शेजारच्या पटनायकबाईंची बरीच वर्षं समजूत होती की मी कुठल्यातरी शाळेचे पेपर तपासते. मीही ती मोडली नाही, कारण पेपर तपासणाऱ्या बाईला लोक दुपारी हाका मारत नाहीत.

बाहेरच्या माणसाला हे काम फार सोपं वाटतं. लिपी एकच, निम्मे शब्द सारखे, मग करायचं काय? पण सारखे शब्दच दगा देतात. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. माझ्या पहिल्या पुस्तकात एक नणंद भावजयीची चेष्टा करते. मी शब्द तसाच ठेवला आणि हिंदीतली बिचारी नणंद पानभर नुसते प्रयत्नच करत राहिली. नवऱ्याला 'तू' म्हणणारी मराठी बायको हिंदीत 'तुम'च म्हणते. तिथे 'तू' ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटतं, आता भांडी फेकाफेकी होणार. मी पुस्तक आधी हातात पेन्सिल न घेता वाचायची, साध्या वाचकासारखं. दुसऱ्यांदा वाचताना अडणारे शब्द खुणावायची. मग रोज पाच पानं. सहावं पान केलं तर ते दुसऱ्या दिवशी फाडावं लागतं, हा माझा अनुभव.

काम देणारे होते खन्नाजी. दर्यागंजच्या एका गल्लीत, जिना चढून गेलं की कागदाच्या रिमांमागे त्यांचं टेबल. माणूस प्रेमळ, सफारी सूट घालणारा, आणि प्रत्येक कादंबरीच्या मुखपृष्ठावर खिडकीशी मान कलती करून बसलेली बाई हवीच असा आग्रह धरणारा. नव्वदीनंतर, म्हणजे बाजार खुला झाला, घराघरांत केबल आली, लोक क्वार्टरं सोडून मयूर विहार, नोएडा, गुडगावच्या फ्लॅटांत जायला लागले, तेव्हा एके दिवशी ते मला म्हणाले, "मैडम, अब औरतें अपने पैसे से किताब खरीदती हैं। पहले पति लाता था। अब कहानी भी उनकी होनी चाहिए।"

मग आम्ही एक मालाच काढली. नेहमीच्या चौकटीत न बसणारं लग्न केलेल्या बायकांच्या कादंबऱ्या. वयाने दहा वर्षं लहान माणसाशी लग्न करणारी डॉक्टरीण, नवऱ्याला घरी ठेवून स्वतः बोटीवर नोकरी करणारी बाई, घटस्फोटानंतर त्याच नवऱ्याशी फक्त मैत्री ठेवणारी शिक्षिका. मराठीत असं लिहिणाऱ्या बायका पुष्कळ होत्या आणि हिंदीत त्यांना वाचकही मिळाले. पत्रं यायची. कानपूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी त्या शिक्षिकेचा पत्ता मागितला होता. कादंबरीतली बाई आहे, खरी नाही, असं कळवल्यावर त्यांचं उत्तर आलं, कोई बात नहीं, वैसी ही कोई और बताइए.

याच मालेत विमलताईंची कादंबरी आली. त्यांना मी इथे विमलताई म्हणते. खरं नाव लिहीत नाही, आणि कादंबरीचंही. त्या दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान गावी एकट्या राहत. आमची भेट कधीच झाली नाही, सगळा व्यवहार पत्रांचा. निळ्या आंतर्देशीय पत्रावर बारीक, उभं अक्षर.

कादंबरीतली वसुधा शाळेत भूमिती शिकवते आणि उरलेल्या वेळात जुने मोडी कागद वाचते. बेचाळिसाव्या वर्षी ती एका विधुराशी लग्न करते, पण अट घालते की दोन गल्ल्या पलीकडचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर ती सोडणार नाही. तो हसून कबूल होतो. दोघांचं फार छान चालतं. गाव नावं ठेवतं. मग तो अंथरुणाला खिळतो. आता ही सामान घेऊन येणार, असं सगळ्यांना वाटतं. ती रोज सकाळी येते, त्याचं सगळं करते, रात्रीसाठी एक माणूस ठेवते आणि संध्याकाळी निघते. कादंबरीचं शेवटचं वाक्य होतं: 'दिवे लागायच्या सुमाराला ती आपल्या घरी गेली.'

या वाक्यापाशी मी अडले. हिंदीत लग्न झालेल्या बाईचं 'अपना घर' म्हणजे सासर. मराठीतही आपण लेकीला "आता आपल्या घरी जा" म्हणतो ते त्याच अर्थाने. विमलताईंनी दोनशे पानं खर्चून त्या शब्दांचा अर्थ बदलत आणला होता. मी त्यांना तसं विचारलं, तर त्यांचं उत्तर आलं: 'शेवटच्या प्रकरणाला कृपा करून हात लावू नका. ती बाई संध्याकाळी स्वतःच्या घरी जाते, एवढंच मला सांगायचं होतं. बाकीची पानं त्यासाठी लिहिली.'

पूर्ण हस्तलिखित घेऊन मी दर्यागंजला गेले. खन्नाजींनी आठ दिवसांत वाचलं आणि मला बोलावलं.

"मैडम, किताब बढ़िया है। पर आखिर में बीमार पति को छोड़कर चली जाती है?"

"छोड़ती नहीं। सुबह फिर आती है।"

"सुबह किसने देखी? किताब तो शाम को खत्म हो गई।" मग हळूच म्हणाले, "बाग़ी औरत चलेगी। पत्थर औरत नहीं चलेगी। आप दो पन्ने बदल दीजिए। ताला लगाए, चाबी किसी को दे दे, और अपने घर आ जाए। अपने घर मतलब पति के घर। आपकी राइटर का आखिरी वाक्य तो वही रहेगा, एक शब्द नहीं बदलेगा।"

मी हस्तलिखित पिशवीत घातलं. घरी येऊन चार दिवस काढले, आणि पाचव्या दिवशी दुपारी ती दोन पानं लिहिली.

इतकी वर्षं मी विचारणाऱ्याला सांगत आले की प्रकाशकाने भाग पाडलं. ते अर्धंच खरं आहे. त्या वर्षी माझ्या सासूबाई मांडीचं हाड मोडून आतल्या खोलीत पडून होत्या. त्यांना भांडं देणं, अंग पुसणं, कुशीवर वळवणं हे सगळं माझ्याकडे होतं. मधूनमधून हाक यायची, मी वाक्य अर्धं सोडून उठायची, हात धुऊन परत यायची तोवर वाक्य गेलेलं असायचं. आणि इथे कागदावर ही वसुधा, दिवे लागले की पदर खोचून निघाली. मला तिचा राग यायचा. तिला कुलूप लावायला लावलं, किल्ली शेजारणीकडे द्यायला लावली, मोडी कागदांचं गाठोडं शाळेला देऊन टाकायला लावलं. त्या गाठोड्याचं खन्नाजींनी सांगितलं नव्हतं. ते माझं. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही इथे सांगायला हवं.

विमलताईंना मी कळवलं नाही. पुस्तक छापून आलं, चांगलं चाललं, स्टेशनांवरच्या बुकस्टॉलवर लागलं. लेखिकेच्या प्रती त्यांना रजिस्टर पोस्टाने गेल्या. त्यांना हिंदी जेमतेम येतं अशी मी स्वतःची समजूत घातली होती. दीड महिन्याने पत्र आलं. मायना नेहमीचा, 'प्रिय रजनीताई'. खाली तीन वाक्यं. 'पुस्तक मिळालं. तुमची भाषा फार सुंदर आहे. शेवटी जी बाई आहे ती माझी नाही.'

मी चार वेळा उत्तर लिहायला बसले. एकदा तर पाकिटावर तिकीटही लावलं. पण टाकलं नाही. दोनेक वर्षांनी एका मराठी मासिकात त्यांच्या निधनाची चार ओळींची बातमी वाचली.

नंतर यजमान निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि आम्ही नोएडात सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. माझं काम चालूच होतं. एकदा गुडगावच्या एका सोसायटीतल्या वाचनमंडळाने भाषांतरावर बोलायला बोलावलं. क्लबच्या खोलीत पंधरा-वीस बायका, सामोसे, प्लास्टिकच्या खुर्च्या. मी चेष्टेचा किस्सा सांगितला, सगळ्या हसल्या. कार्यक्रम संपल्यावर एक बाई थांबून राहिली. पन्नाशीला आलेली, केस बारीक कापलेले, हात रुंद आणि खरखरीत.

"मी नीलिमा सेठी," ती मराठीत म्हणाली. "माहेरची मराठीच. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. मराठी बोलते, पण पुस्तक वाचायचं म्हणजे अटकते. म्हणून तुमचं हिंदी वाचते. तुमची ती वसुधावाली कादंबरी मी तीनदा वाचली."

मी काहीतरी आभाराचं बोलले.

"आभार नको. मला विचारायचं होतं. ते लिहिणाऱ्या बाईंचं स्वतःचं तसं झालं होतं का? म्हणजे शेवटी घर सोडून नवऱ्याकडे आल्या का त्या?"

"असं का विचारता?"

मग तिने सांगितलं. ती मातीची भांडी घडवायची. मयूर विहारमध्ये तळमजल्यावरचा लहान फ्लॅट तिने स्वतःच्या कमाईवर घेतला होता. पुढच्या खोलीत चाक, मागच्या अंगणात गॅसची भट्टी. अडतिसाव्या वर्षी सेठींशी ओळख झाली, मग लग्न. ते इंजिनियर, बायको वारलेली, मुलगी कॅनडात, राहायला गुडगावला सातव्या मजल्यावर. भट्टी काही सातव्या मजल्यावर नेता येत नाही. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं: सोमवार ते शुक्रवार ती मयूर विहारला, शुक्रवारी संध्याकाळी गुडगाव. सहा वर्षं असं चाललं.

"लोक हसायचे, पण आमचं मस्त चाललं होतं," ती म्हणाली. "मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसरात्र माणूस ठेवलेला होता, मी पण दर दिवसाआड यायची. त्यांची बहीण म्हणायला लागली की बायको असून नर्स कशाला. मला समजत नव्हतं काय करू. एक दिवस त्या बहिणीनेच, म्हणजे दीदींनी, मला तुमची किताब दिली. म्हणाल्या, पढ़ो, बिल्कुल तुम्हारी कहानी है."

"आणि?"

"वाचत गेले तर खरंच माझीच कहाणी. मी म्हटलं, ही बाई एवढी हिमतीची आहे, ही काय करते ते बघू या. तिने कुलूप लावलं. म्हटलं, हिनेसुद्धा शेवटी हेच केलं, तर मग मी कोण. पुढच्या महिन्यात फ्लॅट विकला. भट्टी एका मुलीला देऊन टाकली. चार वर्षं झाली."

मी खुर्चीवर बसले. तिला वाटलं मला चक्कर आली, म्हणून ती पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. तो शेवट विमलताईंचा नाही, माझा आहे. मूळ कादंबरीत वसुधा घर सोडत नाही.

ती ग्लास हातात घेऊन उभी राहिली. ओरडली नाही. मग म्हणाली, "मूळ पुस्तक आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"मला वाचता नाही येणार पटापट. तुम्ही वाचून दाखवाल? घरी या."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी गेले. तेव्हा मेट्रो गुडगावपर्यंत पोचली नव्हती. दोन बसगाड्या आणि एक ऑटो करून गेले, आणि वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं. सातव्या मजल्यावरचं स्वच्छ घर. बाल्कनीजवळ चाकांच्या खुर्चीत सेठीसाहेब बसलेले, मांडीवर शाल. एव्हाना त्यांची वाचा थोडी परत आली होती. शब्द जड आणि तुटक यायचे, पण कळायचे. नीलिमाने माझी ओळख करून दिली, त्यांनी डाव्या हाताने नमस्कार केला. एवढ्या मोठ्या घरात मातीची वस्तू मला एकच दिसली, त्यांचा चहाचा मग. तिने घडवलेला असावा. मी विचारलं नाही.

मी शेवटचं प्रकरण वाचलं. पंधरा पानं, विमलताईंच्या मराठीत. वसुधा त्याला भरवते, त्याची नखं कापते, त्याच्याशी एका जुन्या कागदातल्या अडलेल्या अक्षरावर बोलते, रात्रीचा माणूस आला की चपला घालते. नीलिमा जमिनीवर पाय पसरून बसली होती. एकही शब्द तिने विचारला नाही. मराठी तिला कानाने सगळी कळत होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या बाईला माझ्या भाषांतराची गरजच नव्हती. कुणी वाचून दाखवणारं हवं होतं फक्त.

मी थांबले तेव्हा सेठीसाहेबांनी विचारलं, "क्या... पढ़ रहे थे?"

नीलिमा म्हणाली, "एक औरत की कहानी है। पति बीमार है। दिन भर उसके पास रहती है, शाम को अपने घर चली जाती है।"

"कौन-सा घर?"

"उसका अपना। जिसमें वो काम करती है।"

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुम भी जाती थीं। सोमवार को।"

"हां।"

"अच्छा था। शुक्रवार को... आती थीं, तो हाथ में मिट्टी की खुशबू।" दम घेऊन ते पुढे म्हणाले, "क्यों छोड़ा?"

"आपके लिए," ती म्हणाली.

"मैंने तो नहीं कहा।"

"आप बोल नहीं सकते थे तब।"

"पूछा भी... नहीं किसी ने।"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं. नीलिमा उठली, त्यांची शाल सारखी केली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि निरोप न घेता निघाले. ते मात्र बरोबर केलं नाही.

त्यानंतर मी दर्यागंजला गेले. खन्नाजी वारले होते. टेबलावर त्यांचा मुलगा, समोर कॉम्प्युटर. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत शेवट दुरुस्त करायचा आहे, मी फुकट करून देते. तो सभ्यपणे म्हणाला, "आंटी, वो सीरीज तो कब की बंद हो गई। अगला एडिशन होगा ही नहीं।" जुन्या प्रती तरी परत घेता येतील का, असंही मी विचारलं. तो हसला आणि त्याने माझ्यासाठी कॉफी मागवली.

सेठीसाहेब त्यानंतर वर्षभराने गेले. मधल्या काळात नीलिमाने एका कलाशाळेत आठवड्यातून दोन दिवस जायला सुरुवात केली होती, त्यांच्याच सांगण्यावरून. पण बोटांचे सांधे धरले होते, मोठं भांडं चाकावर उभं राहत नव्हतं. लहान वाट्या करायची. मग तेही सुटलं. मयूर विहारचा फ्लॅट परत घेणं शक्यच नव्हतं. त्या भागातल्या किमती तोवर आमच्यासारख्यांच्या हातातून निसटल्या होत्या. ती सातव्या मजल्यावरच राहिली.

मी मात्र एक केलं. विमलताईंचं शेवटचं प्रकरण हिंदीत पुन्हा उतरवलं, या वेळी जसंच्या तसं. शेवटच्या वाक्यापाशी तीन आठवडे गेले. 'अपने घर' लिहिलं, खोडलं, 'अपने ही घर' लिहिलं, तेही खोडलं, आणि अखेर 'जो घर उसका अपना था, वहां' असं काहीसं लांबट, पण संशयाला जागा न ठेवणारं वाक्य लिहिलं. माझ्या सगळ्या कामात मला ते वाक्य सर्वांत चांगलं जमलं आहे असं वाटतं. ते कुठेही छापलेलं नाही.

ती पानं सुवाच्य अक्षरात लिहून मी नीलिमाकडे घेऊन गेले. आम्ही त्या दिवसानंतर फोनवर बोलायचो, पण भेट झाली नव्हती. तिने चष्मा लावला, उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं.

"हे मला मराठीत कळलं होतं की," ती म्हणाली. "आता हे कुणासाठी?"

"विमलताईंसाठी."

"त्या तर गेल्या ना?"

"हो. गेल्या."

तिने पानं नीट जुळवली, कडा सारख्या केल्या आणि माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, "बसा. उन्हातून आलात. मी चहा टाकते."

मी बसले. आम्ही दोघींनी चहा घेतला, आणि तिच्या सोसायटीतल्या पाण्याच्या तक्रारीबद्दल बोलत राहिलो.